गुरुजींनी गवराला बोलतं केलं

ज्योतीराम गुरुजींना कोणी चांगला शिक्षक म्हटलं, की ते पान जुळवायला घेत. चुना कडक आहे, कात संपलाय, असं काहीतरी पुटपुटत आणि विषय टळेपर्यंत मान वर करत नसत. लोक म्हणत, माणूस विनयी आहे. विनय कसला घेऊन बसलात, ती लाज होती. मी त्यांच्या शाळेत दुसरा शिक्षक होतो आणि ती त्यांना कशी चिकटली, ते माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

गाव चाकणजवळचं. शाळा मारुतीच्या देवळाला लागून, दोन खोल्यांची. छप्पन साली गुरुजी पुण्याहून प्रशिक्षण घेऊन परतले ते एकच वेड घेऊन, पोरांना बोलतं करायचं. आमची पोरं तिसाचा पाढा घडाघडा म्हणत, पण ‘काल काय जेवलास?’ विचारलं की पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत. गुरुजी मला म्हणायचे, “पिंपरीला कारखाना उभा राहिला. उद्या ही पोरं तिथं कामाला जातील, तेव्हा साहेबापुढं पाढे म्हणणार आहेत का? बोलणाऱ्याची माती खपते मास्तर, न बोलणाऱ्याचं सोनं पडून राहतं.”

त्यांनी वर्गातल्या रांगा मोडल्या आणि पाच-पाच मुलांचे गट गोल करून बसवले. गटाला एक विषय द्यायचा, मुलांनी आपसात बोलायचं आणि मग उठून सगळ्यांना सांगायचं. पाठ करायचं नाही, पाहिलं ते बोलायचं. मी मनातून हसत होतो. गावही हसलं. पोरं शाळेत चकाट्या पिटायला जातात, अशी पारावर कुजबुज सुरू झाली. पण दिवाळीपर्यंत वर्गात असा कलकलाट व्हायला लागला, की देवळातला गुरव भांडायला आला. गुरुजींना त्या भांडणाचाही आनंद झाला.

राहिली एक गवरा. तिसरीतली, दादू शेतकऱ्याची मुलगी. गटात बसायची, सगळ्यांचं ऐकायची आणि तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखी गप्प राहायची. तिला बोलतं करायचा गुरुजींनी विडाच उचलला. घरी गोठ्यातच ती जास्त रमते हे हेरून त्यांनी तिच्या गटाला बैलबाजाराचा खेळ दिला. एक पोरगा बैल, एक घेणारा, दोघं मध्यस्थ आणि गवरा विकणारी.

पहिल्या दिवशी गंमतच झाली. चाकणच्या बाजारात बैलाचा भाव तोंडाने बोलायची रीत नाही. उपरण्याखाली हात घालायचे, बोटं दाबायची, सौदा ठरतो आणि शेजारी उभ्या असलेल्यालाही पत्ता लागत नाही. पोरांनी तेच पाहिलेलं. त्यांनी कोणाच्या तरी उपरण्याखाली हात घातले आणि एक शब्द न बोलता बैल विकून टाकला. गुरुजी हसून बेजार झाले. मग म्हणाले, “उपरणं ठेवा बाजूला. आपल्या बाजारात सगळं तोंडानं. बैल कसा, दात किती, खोड काय, सगळं बोलायचं.”

आणि गवरा बोलायला लागली. आधी दबकत, मग रोज थोडं जास्त. शिंगं कशी बघायची, खूर कसे बघायचे, चालताना मागचा पाय कुठे पडतो, हे ती असं सांगे, की बैल झालेला पोरगासुद्धा स्वतःच्या पायाकडे बघायचा. गुरुजींनी त्या आनंदात मला घरी नेऊन चहा पाजला.

आता दादूचं सांगायला हवं. त्याच दिवसांत त्याने आपला तांबडा बैल शेजारच्या वाडीतल्या भैरूला विकला होता. आठवडा झाला नाही तोच भैरू तणतणत आला, की बैल औताला बसतो, जुंपला की मातीत फतकल मारतो. दादूने चारचौघांत खंडोबाचा भंडारा उचलला आणि शपथेवर सांगितलं, “माज्याकडं कंदी बसला न्हाई.” भंडारा उचलल्यावर बोलणंच खुंटलं. दादू खरा ठरला आणि भैरू नसती भांडणं काढणारा ठरला.

हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. गुरुजींनाही होतं.

माघात दिपोटी आले. दिपोटी म्हणजे शाळा तपासणारे साहेब, ज्यांच्या एका शब्दावर मास्तरची बदली व्हायची. हे साहेब आले तेच जांभया देत. पोरांनी कविता म्हटल्या, साहेब घड्याळाकडे बघत राहिले. गाव शाळेच्या अंगणात लोटलं होतं. पुढे पाटील, मागे दादू आणि त्याची बायको सारजाबाई. भैरूचा मुलगा आमच्याच शाळेत, म्हणून भैरूही आलेला. गुरुजींनी गवराचा गट पुढे बोलावला.

घेणाऱ्या पोराने ऐटीत विचारलं, “बैलाला खोड काय?”

“औताला बसतो,” गवरा म्हणाली. “पर बाजारात सांगायचं नसतं.”

अंगण हसलं. साहेबांची जांभई अर्ध्यावर थांबली आणि तेही हसले. मी दादूकडे पाहिलं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. गुरुजींनीही त्याच्याकडे पाहिलं, हे मी पाहिलं. इथं ते ‘शाब्बास, बस खाली’ म्हणते तर ही गोष्ट सांगायला उरली नसती. पण साहेब पुढे सरकून बसले होते. गुरुजी म्हणाले, “घाबरू नकोस. पुढं?”

“कुणी विचारलं तर भंडारा उचलायचा,” गवरा खुलून म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा एवढी माणसं तिचं ऐकत होती. “आई म्हनली, देवाचं खोटं नगं. तर बा तिच्या अंगावर धावला. मंग आई रडली आन् बा बी रडला.”

मग कोणी हसलं नाही. साहेब तेवढे हसले, कारण त्यांना हे सगळं नाटक वाटलं. सारजाबाई पदर तोंडावर घेऊन उठली. भैरू नुसता दादूकडे बघत राहिला. साहेबांनी गुरुजींच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, मुलं किती मोकळी झालीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादू वाडीवर जाऊन बैल परत घेऊन आला. भर गावातून आला. लोक ओट्यांवरून बघत होते. सारजाबाई पाण्याला भर दुपारी जायला लागली, विहिरीवर कोणी नसताना. आणि गवरा शाळेत यायची बंद झाली.

गुरुजींनी तिच्या घराची वाट टाळली. शाळेतून घरी जायला ते नदीच्या बाजूने वळसा घ्यायला लागले. एकदा मला म्हणाले, “पहिल्या वाक्यालाच मला कळलं होतं, मास्तर. पण साहेब हसत होते.” आपल्या तोंडून ‘पुढं’ हा शब्द गेलाच कसा, म्हणून त्यांना स्वतःची किळस आली होती. मी धीराचे दोन शब्द बोललो. ते खोटे आहेत हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

त्यात साहेबांनी त्यांना तळेगावला शिक्षकांच्या मेळाव्यात बोलवलं, गटांतून मुलांना बोलतं कसं करावं हे सांगायला. मीही गेलो होतो. गुरुजी छान बोलले. रांगा मोडल्याचं सांगितलं, उपरण्याचं सांगितलं, तेव्हा सभा खळखळून हसली. एक मुकी मुलगी बोलायला लागली, हेही सांगितलं. शेवटी शालनबाई नावाच्या एक शिक्षिका उठल्या आणि त्यांनी साधंच विचारलं, “ती मुलगी आता कशी आहे?”

“आता खूप बोलते,” गुरुजी म्हणाले.

टाळ्या पडल्या. परतीच्या वाटेवर गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. गाव आलं तेव्हा दिवस कलला होता. ते घराकडे न वळता तडक दादूच्या दाराशी गेले. मी मागोमाग गेलो.

दादू गोठ्यात होता. तो बाहेर आला, घोंगडी टाकली, बसा म्हणाला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. गुरुजी उभेच राहिले. म्हणाले, “दादू, माझी चूक झाली. मला थांबवता येत होतं. मी थांबवलं नाही.”

“बैल मी इकला गुरुजी, भंडारा मी उचलला,” दादू म्हणाला. “तुमी काय केलं.” मग त्याने गोठ्याकडे तोंड फिरवलं. “मी तिला हात लावला न्हाई. एका शब्दानं बोललो न्हाई. तिची तीच गप झाली. आईशी बी बोलंना. तिला घिऊन जावा शाळंत. हितं तिचं तोंड बघवत न्हाई.”

गवरा दाराच्या आत उभी होती. वाळली होती. गुरुजी तिच्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, “गवरा, उद्यापासून येशील?”

तिने आधी बापाकडे पाहिलं, मग आईकडे. दोघांनी माना हलवल्या. तरी ती थांबली. मग अगदी हळू म्हणाली,

“काय बोलायचं ते तुमी आदी सांगाल ना, गुरुजी? मी तेवढंच बोलंन.”

गुरुजींनी मान खाली घातली आणि हो म्हणाले.