सखारामचं नाव मी खोडलं

सखाराम भिंगारदिवे माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा. तो मला "सरोजबाई, तुम्ही" म्हणतो आणि मी एकोणीस वर्षं त्याला "सखाराम, इकडे ये रे" म्हणत आले. त्यात काही चुकतंय असं मला कधी वाटलंच नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला माझ्याबद्दल भलता आदर वाटायला नको.

कल्याण पूर्वेला, विठ्ठलवाडीच्या अंगाला आमचं छोटं चर्च आहे. रविवारी सकाळी मराठीत मिस्सा, म्हणजे आमची सामूहिक उपासना, होते. शाळेतून रिटायर झाल्यापासून मी चर्च कमिटीची सेक्रेटरी आहे, शिवाय पोरांना धर्मशिक्षण देते. सखाराम झाडलोट करतो, घंटा वाजवतो, खुर्च्या मांडतो. त्याला हे काम कुणी दिलेलं नाही. एका रविवारी मिस्सेनंतर त्याने झाडू हातात घेतला आणि तेव्हापासून ते त्याचंच काम झालं.

त्याआधी तीस वर्षं तो स्लॅबच्या कामावर होता. ठाण्याजवळ बाळकुमला शेतं जाऊन टॉवर उभे राहिले, त्यातल्या कितीतरी स्लॅबवर हा माणूस ओल्या काँक्रीटमध्ये उभा राहिलाय. माझा मुलगा बंटी तिथेच एका कॉम्प्लेक्समध्ये राहतो. सखाराम त्याला म्हणायचा, "बंटीबाबा, तुमच्या डोक्यावरच्या छताला माझं पाय लागल्यात, माफी असावी." आम्ही हसायचो. ओलं सिमेंट कातडी खातं. सखारामच्या टाचांना बोट शिरेल अशा भेगा आहेत, दोन्ही अंगठ्यांना नखं नाहीत आणि घोट्यापर्यंत कातडीची सालपटं निघालेली असतात. मला त्या पायांकडे बघवायचं नाही.

आता माझ्याबद्दल. आम्ही मूळचे ठाण्याचे, पोर्तुगीजांच्या काळापासूनचे ख्रिस्ती. ठाण्यात त्याच्याही आधी, सातशे वर्षांपूर्वी, परदेशी धर्मगुरू येऊन धर्मासाठी मारले गेले होते. हे मी वर्गात अशा थाटात सांगते, जसं काही ते आमच्याच अंगणात झालं. सखारामचे लोक संगमनेरकडचे. तिकडच्यांना आमच्या घरात "दुष्काळातले ख्रिस्ती" म्हणायचे. म्हणजे पोटासाठी धर्म घेतलेले. माझी आई म्हणायची, मीही म्हटलंय.

सखारामला एकदा मी विचारलं होतं, तुझ्या आजोबाने धर्म का बदलला रे? तो वेदीवरची मेणबत्ती पुसत होता. म्हणाला, "आज्याला धरमबिरम काय कळत न्हवतं, बाई. गावात आमची सावली चालत न्हवती कुणाला. एक गोरा पाद्री आला, आज्याला ताप व्हता, त्यानं कपाळाला हात लावून बघितला. आज्या म्हणायचा, त्या हातासाठी गेलो मी. धान्य तर नंतर मिळालं." मी "हं" म्हटलं आणि फुलांच्या ऑर्डरचं बघायला गेले.

ज्यांना आमच्यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावून आमचा उपवासकाळ सुरू होतो. चाळीस दिवस जमेल तसं मन आणि पोट आवरायचं, कन्फेशनला जायचं. कन्फेशन म्हणजे आपलं पाप फादरांपाशी कबूल करायचं. फादर देवाच्या नावाने क्षमा देतात, आणि मग ते पाप संपलं. फादरांनी ते मरेपर्यंत कुणाला सांगायचं नाही, आणि त्यावरून त्या माणसाशी वेगळं वागायचंही नाही. शेवटच्या आठवड्यात झावळ्यांचा रविवार येतो, मग पवित्र गुरुवार, गुड फ्रायडे आणि ईस्टर. पवित्र गुरुवार म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाची संध्याकाळ. जेवायच्या वेळी तो उठला, कमरेला पंचा बांधला आणि बारा शिष्यांचे धुळीने भरलेले पाय त्याने स्वतः धुतले. ते नोकराचं काम होतं. पेत्र नावाचा शिष्य तर म्हणाला, तुम्ही माझे पाय कधीच धुवायचे नाहीत. म्हणून दर वर्षी त्या संध्याकाळी फादर गुडघ्यावर बसून बारा माणसांचे पाय धुतात.

आमच्याकडे हे बारा जण घरूनच पाय घासूनपुसून येतात. मीच व्हॉट्सॲपवर लिहायचे, "पाय स्वच्छ असावेत, नखं कापलेली असावीत." दोघी-तिघी पार्लरला जाऊन येतात. धुतलेले पाय धुवायचे आणि वर नम्रतेवर प्रवचन ऐकायचं, यातली गंमत मला कधी दिसली नाही.

आणि एकोणीस वर्षं फादरांच्या मागे घंगाळ आणि टॉवेल घेऊन कोण चालायचं, तर सखाराम.

हे सगळं घडलं त्या वर्षी जानेवारीत खुर्च्या लावता लावता तो माझ्याजवळ आला आणि खाली बघत म्हणाला, "बाई, मला बी एकदा बसवा की बारांत. मरायच्या आधी एकदा." मी म्हटलं, बघू. तेव्हाच नवीन फादर आले होते, फादर सुधीर, तरुण, उत्साही. त्यांच्याही मनात तेच होतं. उपवासकाळाच्या तिसऱ्या आठवड्यात त्यांनी मला बारा नावं लिहून दिली आणि त्यात पहिलं नाव सखारामचं होतं. मी त्याला बातमी सांगितली तेव्हा त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि छातीशी धरली. त्याची बायको मालन मला चर्चच्या पायऱ्यांवर भेटली. म्हणाली, "बाई, रोज रात्री कोकम तेल चोळून घेतायत पायाला. लग्नात एवढं नटले न्हवते." तिला हसू आवरत नव्हतं.

मग कमिटीत ठरलं की यंदा गुरुवारची मिस्सा यूट्यूबवर लाइव्ह दाखवायची. दुबईतले, कॅनडातले सगळे बघतील. कॅमेऱ्यावाला म्हणाला, पाय धुताना क्लोजअप घेऊ. ते ऐकलं आणि माझ्या डोळ्यांपुढे सखारामच्या टाचा आल्या. माझी नणंद कॅनडात बघतेय, आणि पहिलेच पाय हे. तिचे शब्दही मला ऐकू आले, "तुमच्याकडे सगळे हेच लोक असतात का गं आता?"

मी पेन घेतलं आणि नाव खोडलं. त्या जागी बंटीचं लिहिलं. स्वतःच्या पोराचं. त्याचे पाय छान आहेत.

आता सखारामला सांगायचं होतं. खरं सांगायची छाती नव्हती. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. घंटेच्या दोरीपाशी त्याला गाठलं आणि म्हटलं, "सखाराम, फादर म्हणाले, यंदा तुझं नको."

"फादर म्हणले?"

"हो. फादरच म्हणाले."

त्याने दोरी खुंटीला गुंडाळली आणि खाली बघत बाहेर गेला. मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पुढच्या रविवारी कम्युनियनला सगळे रांगेत उभे राहिले आणि सखाराम बाकावरच बसून राहिला. कम्युनियन म्हणजे येशूचं शरीर म्हणून भाकर घेणं. मनावर मोठं पाप असेल तर आधी क्षमा मागायची, मगच ती घ्यायची. हे पोरांना मीच शिकवते. तरी मला वाटलं, रुसलाय. म्हटलं, रुसू दे, होईल शांत. झावळ्यांच्या रविवारीही तो बसूनच होता. त्या दिवशी मालन आलीच नाही. मला वाटलं, तीही रुसली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, मला सगळीकडे फक्त माझाच गुन्हा दिसत होता. दुसऱ्या कुणाचं काही असू शकतं हे डोक्यातही आलं नाही.

त्याच दिवशी मिस्सेनंतर फादर सुधीरांनी यादी बघितली. "सरोजबाई, सखारामकाकांचं नाव कुठे गेलं?"

"तो नाही म्हणाला, फादर. पायांना त्रास आहे त्याच्या."

माणूस किती सहज खोटं बोलतो बघा. त्याच पेत्राने पुढे 'मी त्याला ओळखत नाही' म्हणत येशूला तीनदा नाकारलं, हे दर वर्षी पोरांकडून पाठ करून घेते मी. माझे दोन झाले होते.

फादर म्हणाले, "मग मीच भेटून येतो त्यांना." झालं. माझी गाळण उडाली. मी म्हटलं, नको फादर, मीच जाते, मी समजावते त्याला. पश्चात्ताप झाला म्हणून मी गेले असं कुणी समजू नये. पकडली जाईन म्हणून गेले.

बुधवारी दुपारी त्याच्या खोलीवर पोचले. दार उघडंच होतं. सखाराम एकटाच खाटेवर बसलेला, शर्टाची बटणं वरखाली लावलेली. ओट्यावर चार-पाच दिवसांची भांडी होती. "मालन कुठाय?" मी विचारलं.

"बहिणीकडं गेलीय. मोहने गावाला." तो उठला, स्टूल पुसून मला दिलं आणि पाणी आणून दिलं. मी ग्लास हातात धरून बसले. रस्त्याने येताना मी बरंच काही जुळवलं होतं, कॅमेरा, कमिटी, गैरसमज. त्याच्यासमोर बसल्यावर त्यातलं एकही तोंडातून निघेना.

मी म्हटलं, "सखारामभाऊ, फादर काहीच म्हणाले नव्हते. त्यांच्या यादीत तुमचं नाव सगळ्यात वर होतं. मी ते खोडलं. व्हिडिओत तुमचे पाय दिसतील म्हणून. मला लाज वाटली तुमच्या पायांची."

पहिल्यांदाच मी त्याला "तुम्ही" म्हटलं होतं. ते आमच्या दोघांच्याही लक्षात आलं असावं.

त्याने मग स्वतःच्या पायांकडे बघितलं. म्हणाला, "पायाचं म्हणला असता तर मला काय सुदीक वाटलं नसतं, बाई. घाणच हायेत ते. मला काय दिसत न्हाई व्हय?"

"चुकलं माझं."

"फादरच म्हणले, असं तुम्ही दोनदा बोलला." त्याचा आवाज चढला नव्हता. "मी उपासाच्या पयल्या शुक्रवारी कन्फेशनला गेलो व्हतो. लई जुनं सांगितलं त्यांना. बाळकुमच्या कामावर एक बाई व्हती. दोन वरीस चाललं. ती बिचारी मरून बी गेली. कधी कुणाला बोललो न्हवतो. फादर म्हणले, देवानं माफ केलं, आता शांत ऱ्हा. मला इतकं हलकं वाटलं. आन् मग तुम्ही म्हणला, फादर म्हणतात, तुझं नको."

माझ्या हातातला ग्लास मी खाली ठेवला.

"फादर असं करत न्हाईत," तो म्हणाला, "ते मला ठाऊक हाय. कन्फेशनचं धरून वागत न्हाईत. पर तुम्ही सांगितलं ना, बाई. तुम्ही शिकलेल्या, पोरांना शिकवता. तुम्ही कशाला खोटं बोलाल? मला वाटलं, माफी मिळालीच न्हाई. जिचा गुन्हा केला तिला न सांगता देवाकडून माफी घेतली, म्हणून फादरांनी मला बारांतनं काढलं. आठ दिवस झोप न्हाई. मग सांगितलं तिला."

"मालनला?"

"सगळं. पस्तीस वरसं संसार केलाय तिनं माझ्यासंगं. ऐकून घेतलं, रडली बी न्हाई. पिशवी भरली आन् गेली."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. घराण्याचा तोरा, चारशे वर्षांचा धर्म, धर्मशिक्षणाचे वर्ग, सगळं घेऊन मी त्या स्टुलावर बसले होते आणि त्याच्याकडे मान वर करून बघता येत नव्हतं. देवाने दिलेली क्षमा मी माझ्या एका खोट्याने त्याच्या हातातून काढून घेतली होती. कशासाठी, तर नणंदेने कॅनडात बसून नाक मुरडू नये म्हणून.

मी उठले. "मी आत्ता मोहन्याला जाते. रिक्षा करते. मालनचे पाय धरते, सगळी चूक माझी आहे म्हणून सांगते तिला."

सखाराम दारापर्यंत आला. "काय सांगाल, बाई?"

"की मी खोटं बोलले."

"तुम्ही खोटं बोलला," तो म्हणाला. "मी तिला जे सांगितलं, ते तर खरंच हाय."