आपल्या भाषेत ऑस्मॉसिस

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी जीवशास्त्राच्या सरांनी आम्हाला एक सायक्लोस्टाइल केलेला कागद वाटला. वर्षअखेर विद्यार्थ्याला काय काय आलं पाहिजे, याची त्यावर बारा कलमं होती. पेशीची आकृती काढणं, सूक्ष्मदर्शक हाताळणं, असलं सगळं. तोंडी परीक्षेत सर एकेका कलमापुढे खूण करणार होते. कागद इंग्रजीत आणि मी तमिळ शाळेतली, त्यामुळे मी शब्दकोश घेऊन एकेक कलम लावत बसले. तंजावुरात तेव्हा गल्लोगल्ली कम्प्युटर सेंटरं निघत होती. अप्पांनी बजावलं होतं, नापास झालीस तर कॉलेज बंद, सेंटरात नाव घालतो. मला तर प्रयोगशाळेतला फॉर्मलिनचा वाससुद्धा आवडायचा!

सातवं कलम होतं, ऑस्मॉसिस 'इन वन्स ओन लँग्वेज' समजावून सांगणं. म्हणजे घोकंपट्टी नको, आपल्या शब्दांत सांगा. वर्गात सगळ्यांना हे कळलं, मी मात्र सरळ अर्थ घेतला. मराठा राजांबरोबर तंजावुरात आलेल्या आमच्या घरांची ओन लँग्वेज मराठी! राजवाड्यामागच्या चार गल्ल्यांबाहेर जिला कुणी विचारत नव्हतं, ती सरांना ऐकायची आहे, याचं मला कोण कौतुक वाटलं.

पण मराठीत ऑस्मॉसिस सांगायचं कसं? आठवीपर्यंत शिकलेली आई मावडूची, म्हणजे मिठात मुरवलेल्या कोवळ्या कैऱ्यांची बरणी हलवत बसली होती. तिला विचारलं.

"मीठ घातलें कीं आंतलें पाणी भाएर येतें, मणून सुर्कुततें," ती म्हणाली. "ह्यांत काय आहे गे?"

मला देवनागरी येत नव्हती. मी ते तमिळ अक्षरांत उतरवून घेतलं आणि पाठ केलं. घोकंपट्टी नको म्हटलेलं तेवढंच घोकलं.

परीक्षेत सरांनी सातव्या कलमावर बोट ठेवताच मी घडाघडा मराठीत सुरू झाले. मागे उभ्या मुली फिदीफिदी हसल्या. सर चष्म्यावरून बघत राहिले.

"ही कुठली भाषा?"

"ओन लँग्वेज, सर."

म्हणता म्हणता चूक लक्षात आली आणि माझी कानशिलं तापली. कॉलेज गेलंच, असं वाटलं. पण सर म्हणाले, "बरं, आता हेच तमिळमध्ये सांग." मी आईच्या कैऱ्यांसकट सांगितलं. सर जवळच्याच पापनाशमचे, त्यांच्याही घरी बरणी असणारच. ते खळखळून हसले. "पुस्तकातलं सगळेच ओकतात," म्हणाले, आणि खूण केली.

घरी आई दारातच उभी होती. पास झाले म्हटल्यावर तिनं विचारलं, "कसें सांगितलीस?" मुलींचं हसणं अजून माझ्या कानात होतं. सगळं इंग्रजीत सांगितलं, असं मी ठोकून दिलं. आईचा चेहरा काय खुलला! तशीच शेजारी सांगायला गेली.

पुढे मी जीवशास्त्रच शिकवलं. आई आता नाही. मी इंग्रजीच्या जोरावर तरले, असं तिला शेवटपर्यंत वाटत राहिलं. त्या दिवशीची खूण तिच्या वाक्याला मिळाली होती, हे मी तिला कधीच सांगितलं नाही.