पायाचं तीर्थ

निजामाच्या राज्यात एक कीर्तनकार बाई केदारखेड्याला आल्या, तेव्हा मी तिथं नवी सून होते. सगळा गाव त्यांना माय म्हणायचा, म्हणून नाव मी कधी विचारलंच नाही. पांढरं लुगडं, अनवाणी पाय, आणि बोलताना समोरच्याचं मनगट धरायची सवय.

कीर्तनानंतर त्यांचे पाय धुवून ते पाणी तीर्थ म्हणून प्यायची रीत होती. माझ्या सासूबाईंच्या पोटरीतून नारूचा किडा दोऱ्यासारखा बाहेर येत होता. म्हणून मी परात-घागर घेऊन सगळ्यांच्या पुढं घुसले.

मायनं पाय आखडून घेतले आणि माझं मनगट धरलं.

"पाणी कुठलं आणलंस?"

"पायऱ्यांच्या बारवंतलं."

"नारूचे पाय घेऊन तुम्ही त्याच बारवंत उतरून राह्यले, अन् वरून तेच पाणी पिता? माझ्या पायात औषध न्हाई, बाई."

त्यांनी भर मंडपात पदर फाडला, त्याची चौपदरी घडी करून माझ्या घागरीच्या तोंडाला बांधली.

"रोज बराबर गाळून पी. मंग देवाचं नाव एखाद्या दिशी राह्यलं तरी चालंल."

आमच्या घरात पुन्हा नारू निघाला नाही. आता नळ आलाय, तरी मी फडकं बांधते. सुना हसतात. हसू देत. मायचे पाय धुवायचे राहिले; ही पूजा मात्र मी एक दिवस चुकवलेली नाही.