नळाच्या दिवशी पाहिलेलं घर

घर बघायला निघताना मी पिशवीत टॉर्च, मोजायची टेप, पाण्याची बाटली आणि प्रश्नांचा कागद घेते. आमचे हे म्हणाले, "घर बघायला चाललीस की पंचनामा करायला?" मी म्हटलं, दोन्ही.

बिडकीनहून शहरात बिऱ्हाड हलवायचं ते मुलीसाठी. दहावी झाली होती. तिला शहरातल्या कॉलेजात सायन्सला जायचं होतं आणि त्याच्या जोडीला संध्याकाळचा क्लास. ह्यांची नोकरी वाळूजला, तीही पाळीची. मी चितेगावच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायची, त्यामुळे मलाही घरी पोचायला दिवेलागण व्हायची. म्हणजे मुलीला क्लासहून आणायला रोज कोणी नसणार, हे उघड होतं.

तिथंच आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, अट घातली.

"पोरगी दिवे लागल्यावर एकटी घरी आली अन् माझ्या जिवाला घोर लागला नाय, असं घर भेटलं तर मी बी येते. नाय तर पोरगी इथंच राहील. इथं काय कालिज नाय व्हय?"

जमिनीचा व्यवहार असो की कुणाचं लग्न, आमच्या घरात आत्याबाईंचा शब्द कोणी मोडत नाही. मुलीनं मला मोरीपाशी गाठलं. "आई, तू काहीही कर. आजीच्या तोंडून व्हय निघालं पाहिजे."

मग मी कामाला लागले. आत्याबाईंना बरोबर घेऊनच हिंडायचं ठरवलं. शेवटचा शिक्का त्यांचाच, तर मधली फेरी कशाला?

घरं दाखवणारा एजंट मोठा उत्साही माणूस होता. त्याच्या लेखी शहरातला प्रत्येक भाग 'एकदम शांत, फॅमिली एरिया' होता. स्मशानाला लागून असलेली जागाही त्यानं त्याच शब्दांत दाखवली असती. पहिल्यांदा त्यानं बायपासकडचं नवं अपार्टमेंट दाखवलं. मोठं फाटक, वॉचमन, जिन्यात कॅमेरे, रस्त्यावर पांढरेशुभ्र दिवे. ह्यांच्या कंपनीची बस कोपऱ्यावरून सुटायची. माझ्या कागदावर बरोबरच्या खुणांची रांग लागली. मी मनात पडदेसुद्धा लावून टाकले.

आत्याबाईंना तहान लागली. माझ्या पिशवीत बाटली होती, पण त्या म्हणाल्या, "राहू दे. शेजारपाजार कसाय ते तरी बघू." त्यांनी समोरच्या दाराची बेल दाबली. दार उघडलं नाही. आतून बाईचा आवाज आला, "पार्सल आहे का? बाहेरच ठेवा!"

आत्याबाईंनी बेलवरचा हात काढला. मग वळून म्हणाल्या, "मला पार्सल समजली गं बाई ती. ठेव मला बाहेर अन् चल घरी."

बरोबर आलेली मुलगी खुदकन हसली, पण लगेच तिचं तोंड उतरलं. ती जागा गेली, हे तिलाही कळलं होतं.

दुसरं घर सिडकोत, एका गल्लीतलं बैठं घर. निघायच्या आधी एजंटचा फोन आला. "मॅडम, आज नका येऊ. आज तिकडं पाणी आहे, लई गोंधळ असतो."

शहरात नळाला रोज पाणी येत नाही. बऱ्याच दिवसांनी येतं आणि येतं तेव्हा सगळी गल्ली कामाला लागते. मी विचार केला, एजंट ज्या दिवशी नको म्हणतो, घर बघायला तोच दिवस बरा. मुलीची तालीमही तेव्हाच करायची होती. दिवे लागायच्या सुमारास तिनं त्या घरापासून क्लासपर्यंत एकटीनं चालत जायचं आणि परत यायचं. आत्याबाईंच्या डोळ्यांदेखत.

गल्लीत शिरलो आणि माझा उत्साह ओसरला. रस्त्यावर आडवेतिडवे पाईप, पाण्याच्या मोटरींची घरघर, बायकांचा आरडाओरडा, सगळीकडे चिखल. मुलगी क्लासच्या वाटेला लागली. मी एजंटला म्हटलं, "ती आली की निघू. हे काही जमायचं नाही."

तेवढ्यात कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावलेल्या एक काकू आत्याबाईंसमोर येऊन थांबल्या. "आजी, जरा पाईप पकडा ना, मी मोटर बंद करून आले." आत्याबाईंनी पदर खोचला आणि पाईप धरला. तो एका कुलूपबंद घराच्या टाकीत सोडलेला होता.

काकू परत आल्यावर आत्याबाईंनी विचारलं, "हे घर तुमचं?"

"नाही हो. ते दोघं नोकरीला जातात. गल्लीत जे जे बाहेर, त्यांच्या चाव्या माझ्याकडं. पाणी काय आपली वाट बघत बसतं का?"

"अन् कुणी चोरी केली तर?"

"करून तर बघू दे! त्याच्याच हातात पाईप देते."

आत्याबाई हसल्या. मला मात्र हसू येईना. मुलगी यायला हवी होती, ती आली नव्हती. तिच्याजवळ तेव्हा मोबाइल नव्हता. आत्याबाईंना कळू नये म्हणून मी हळूच गल्लीच्या तोंडाकडे निघाले.

"कुणाला बघताय?" काकूंनी मागून विचारलं. "पिवळा ड्रेस, पाठीला सॅक?"

"हो, तीच," मी म्हटलं. त्यांनी तोंडाला हात लावून समोरच्या गच्चीकडे हाक दिली. "अगं, ती नवी पोरगी कुठवर आली?"

गच्चीवरून उत्तर आलं, "कोपऱ्यावर पाणीपुरी खातीय! दुसरी प्लेट चालूय!"

पलीकडच्या दारातून एका काकांनी भर घातली. "दोन पोरं मोटरसायकलवर घुटमळत होती तिथं. विचारलं, कोण पाहिजे? निघून गेली."

गल्लीभर हशा पिकला. माझ्या जिवात जीव आला. मी विचारलं, "पण ती नवी आहे हे तुम्हाला कसं कळलं?"

"पाण्याच्या दिवशी हात कोरडे," काकू म्हणाल्या, "म्हणजे नवीच की."

मुलगी ओठ पुसत आली तेव्हा सगळी गल्ली तिच्याकडे बघून हसत होती. काय झालं ते कळल्यावर ती कपाळाला हात लावून म्हणाली, "आई, इथं तर काहीच लपून राहणार नाही!"

"मंग हेच घर," पाईप हातात धरूनच आत्याबाई म्हणाल्या.

एजंटला वाटलं, आम्ही थट्टा करतोय. मी पिशवीतून टेप काढली आणि ओट्याची लांबी मोजायला आत गेले.

राहायला आलो त्याच आठवड्यात आमची चावी काकूंच्या जुडग्यात गेली. पुढं पाण्याच्या दिवशी अर्धा जुडगा आत्याबाईंच्या कमरेला दिसायला लागला. "काकू एकट्या कुठं कुठं पळणार?" हे त्यांचं म्हणणं.

एकदा चितेगावहून मी गल्लीच्या तोंडाशी पोचले तेव्हा दिवे लागले होते आणि नळ आला होता. आत्याबाई शेजारच्या टाकीपाशी उभ्या होत्या आणि गच्चीवरच्या बाईशी त्यांचं मेथीच्या भाजीवरून जोरात भांडण चाललं होतं. मागून मुलगी क्लासहून सायकलवर आली, मला ओलांडून पुढं गेली आणि तिनं घंटी वाजवली. आत्याबाईंनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. बोलता बोलताच त्यांनी पायानं पाईप बाजूला सारला, सायकल पलीकडं गेली आणि भांडण पुढं चालू राहिलं.