विहीर परसात आहे

आमच्या जवाहर नगरातल्या मराठी घरांत होळीची पुरणपोळी म्हणजे सुमनमावशीच. तीस वर्षांपूर्वी बदलीवर आलेल्या एका रेल्वेवाल्या कुटुंबानं तिला जयपूरला आणलं. ते परत गेले, ही इथंच राहिली. माहेर विचारलं की म्हणायची, "कोणी नाही." आम्हालाही तेवढं उत्तर सोयीचं होतं.

विलासराव पंडित हे बँकेतून निवृत्त झालेले अधिकारी. त्यांनी दंगलीवर कादंबरी लिहायला घेतली होती. तिचं शेवटचं प्रकरण त्यांनी माझ्या घरी दहा-बारा जणांना वाचून दाखवलं. दंगलखोरांनी उचलून नेलेली नायिका दोन दिवसांनी सुटते, घरापर्यंत येते आणि घराण्याची अब्रू राखायला विहिरीत उडी घेते. बायकांनी डोळे पुसले. मीही पुसले, खोटं कशाला बोलू?

मावशी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती.

"आपल्या मनानं नाही उडी घेत कोणी," ती म्हणाली. "मी आले होते तशी घरी. एकोणीस वर्षांची होते. वडिलांनी दार उघडलं नाही. आतून म्हणाले, विहीर परसात आहे."

चहाला कोणी हात लावला नाही.

"मग?" विलासरावांनी हळूच विचारलं.

"मग स्टेशनवर गेले. साहेब, तेवढा शेवट बदला. जगू द्या तिला."

"बघतो, सुमनबाई." हे 'बघतो' त्यांनी बँकेत किती कर्जदारांना ऐकवलं असेल, देव जाणे.

त्या होळीला तीन घरांनी पोळ्या दुसरीकडून मागवल्या. कारण कोणी सांगितलं नाही. मला चीड आली, पण मीही कोणाच्या दारात जाऊन भांडले नाही.

दिवाळीनंतर पुस्तक आलं. मावशीला वाचता येत नाही. कणीक मळता मळता तिनं शेवटचं पान वाचायला सांगितलं. मी पान उघडलं, मनातल्या मनात वाचलं आणि पुस्तक मिटलं.

"उडी घेते ना?"

"घेते." मला तिच्याकडे बघायची लाज वाटली.

मावशीनं कणकेवर ओलं फडकं टाकलं.

"मेलीसाठी रडणं सोपं असतं गं," ती म्हणाली. "जिवंत परत आली की दार उघडावं लागतं."