रुखवतातली मुंबई

लातुरात पंचवीस वर्षं मी रुखवतं करून देते. थर्माकोलचे बंगले, पुठ्ठ्याची बैलगाडी, सुपारीचे भटजी, साखरेचं तुळशीवृंदावन. लग्नात ते टेबलावर मांडायचं, नवरीनं स्वतः केलं म्हणून सगळ्यांना सांगायचं, आणि मी गुपचूप शेवटच्या पंगतीला जेवून घरी यायचं, असा हा धंदा. त्यामुळे माझ्या बहिणीचा मुलगा नांदेडहून आला आणि म्हणाला, "मावशी, मला मुंबई करून दे," तेव्हा मला वाटलं, ह्यानं परस्पर लग्न जमवलं.

लग्न नव्हतं, सिनेमा होता. समुद्रातून एक अवाढव्य जनावर निघतं आणि मुंबई तुडवतं, एवढीच गोष्ट. पोरगा सव्वीस वर्षांचा, इंजिनिअरिंग अर्ध्यात टाकलेलं. बापानं शेवटचं सांगून ठेवलं होतं की हा एक सिनेमा पुरा करून दाखव, नाहीतर गपगुमान दुकानावर येऊन बस.

मी म्हटलं, "मुंबई कशाला? नांदेड तुडव की. गोदावरीतून काढ तुझं जनावर."

"नांदेडात राक्षस आला तर कोण बघतंय, मावशी? लोक म्हणतील, रोजचंच हाय."

जनावराचं अंग गादीवाल्याकडून शिवून आणलं. आत फोम, वर ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबची कातडी, शेपटीत कापूस. आणि त्याच्या आत कोण, तर आमचे हे. सहा फूट उंची, अंगानं भरलेले, सारी उमर उदगीर-जळकोटच्या रस्त्यावर एसटीचा लाल डबा चालवण्यात गेलेली. ह्या माणसानं आयुष्यात कुत्र्याला हाड म्हटलेलं मी ऐकलं नाही. पण भाच्यानं "काका, तुम्हीच" म्हटल्यावर पोरासारखे खुलले. रोज ड्युटीवरून आले की गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावायचे, ते अंग चढवायचे आणि अंगणात रिकामी खोकी तुडवायचे. दूधवाली दोन दिवस फाटकातूनच माघारी गेली.

मी मुंबई दोनदा पाहिलेली, एकदा एका लग्नात आणि एकदा दवाखान्याच्या कामानं. बाकी भाच्यानं मोबाइलवर दाखवलं तसं केलं. दोन महिने लागले. उंच उंच इमारती, पूल, सिग्नल, पाण्याच्या टाक्या. पण हात शेवटी रुखवताचा. गॅलरीत तुळस आली, दोरीवर धुणं आलं, गच्चीवर वाळवण आलं.

"मावशी, विसाव्या मजल्यावर पापड?"

"का? विसाव्या मजल्यावरचे लोक पापड खात न्हाईत?"

तो डोक्याला हात लावून हसला. पोरगा गुणी आहे, राबणारा आहे, फक्त बापाच्या लक्षात येत नाही.

आता माझी चूक सांगते. रिकामं घर मी रुखवतात कधी मांडत नाही. माझी आई हेच काम करायची, आणि पोरीबरोबर रिकामं घर पाठवू नये असं तिचं ठाम मत होतं. म्हणून शेवटच्या दोन दिवसांत मी बसून माणसं केली. काडेपेटीच्या काड्या, रंगीत कागद, ब्लाउजपीसच्या चिंध्या. पेपर वाचणारे म्हातारे, केस विंचरणाऱ्या बाया, आणि पोरगी म्हटली की दोन वेण्या आणि लाल रिबीन, ही माझी ठरलेली पद्धत. खिडकीखिडकीत ती माणसं गमनं चिकटवली आणि कुणाला सांगायचं ते राहूनच गेलं. मला त्यात सांगण्यासारखं काही वाटलंच नाही.

शूटिंग एका मंगल कार्यालयात होतं. मालकाच्या घरची तिन्ही रुखवतं माझ्या हातची, म्हणून त्यांनी एक दिवस हॉल फुकट दिला. त्या दिवशी तिथी नव्हती, दुसऱ्या दिवशी साखरपुडा होता. पाचच्या आत झाडून पुसून किल्ली द्यायची. कॅमेरा भाड्याचा, तोही एकच दिवस. आणि मुंबई एकच. एकदा पाडली की पाडली, पुन्हा उभी करायला ना सामान होतं ना वेळ. पोराचं सगळं त्या एका दिवसावर येऊन ठेपलं होतं.

जेवणाची टेबलं जोडून त्यावर नाही, खाली फरशीवरच शहर मांडलं. समोर निळी ताडपत्री, तो समुद्र. लातुरात समुद्राला खरं पाणी कोण देणार? दिवे लागले, खिडक्या उजळल्या, आणि माझं मलाच भरून आलं. आमचे हे जनावराचं डोकं चढवून समुद्रातून निघाले. शेपटी आपटत, मान डोलवत, अगदी झकास. पहिल्या इमारतीपाशी आले, पाय उचलला.

पाय तसाच राहिला. मग ते हळूच खाली वाकले, खिडकीत बघितलं, पाय मागे घेतला आणि दोन पावलं मागे सरले.

भाच्याला वाटलं तोल गेला. पुन्हा लावलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर जनावर मागे जाऊन समुद्रावर बसूनच राहिलं.

"काका, दम लागला का?" भाच्यानं विचारलं. एक वाजत आला होता. पोराचं तोंड उतरलेलं मला बघवेना, आणि माझं डोकं गरम व्हायला तेवढं पुरतं. मी तरातरा गेले.

"अहो, हे काय लावलंय? दोन महिने बोटं चिकटवून घेतली मी. पोराच्या जिवावर बेतलंय आणि तुम्ही रुसून बसलात? एक पाय तर टाकायचा हाय. इथं पण ब्रेकच दाबून राहिलात काय?"

कॅमेऱ्यावरची पोरं हसली. मला आणखी चेव आला. मी दोन्ही हातांनी ते डोकं ओढून काढलं.

आत ह्यांचा चेहरा घामानं निथळत होता आणि ओठ पांढरे पडले होते.

"आत माणसं हायेत," ते म्हणाले. "तू सांगितलं न्हाईस."

ह्यांचं गाव किल्लारीकडचं. भूकंप झाला तेव्हा हे अठरा वर्षांचे होते. आदल्या दिवशी गणपती बोळवला होता, म्हणून पोरं मांडवातच उघड्यावर झोपली. घरात आई आणि दहा वर्षांची धाकटी बहीण. दगडाच्या जाड भिंती, वर मातीचं माळवद. पहाटे गाव बसलं. ह्यांनी दुपारपर्यंत हातांनी उकरलं. लग्नाच्या पहिल्या वर्षी हे मला त्यांनी चार वाक्यांत सांगितलं, आणि परत कधी विषय काढला नाही. नव्या घराला पत्रेच घालायचे म्हणून हटून बसले, पाहुण्यांकडे गेले की दाराजवळची जागा धरतात, आणि आमच्या दाराला आतून कडी नसते. हे सगळं मला माहीत होतं. तरी मी माझ्या हातानं प्रत्येक खिडकीत एकेक माणूस बसवलं आणि चारचौघांत ह्यांना म्हटलं, तुडवा. इतकी लाज मला स्वतःची कधी वाटली नव्हती. मी तिथंच ताडपत्रीवर त्यांच्या शेजारी बसले.

"काका, कागदाची तर हायेत," कॅमेरावाला बोलला.

"हाव. कागदाचीच हायेत," हे शांतपणे म्हणाले. "पण आधी बाहेर काढा."

मला वाटलं, आता भाचा चिडणार. त्यानं घड्याळाकडं बघितलं. मग कॅमेरावाल्याला म्हणाला, "दिवे बंद कर," आणि स्वयंपाकघरातून एक मोठी परात घेऊन आला.

आम्ही सगळे फरशीवर बसलो. मी हात राखून काम करत नाही, त्यामुळे गम पक्का बसला होता. केसांच्या पिना घालून माणसं सोडवावी लागली. एका पोरानं घाईनं एक म्हातारा उपटला, तर ह्यांनी त्याचा हात धरला. "सबूर. हात तुटंल त्याचा." ह्यांनी अंग कमरेपर्यंत सोडलेलं, स्टेअरिंग धरून धरून जाड झालेली बोटं, आणि त्या बोटांनी एकेक चिंधीची बाई ते अलगद परातीत ठेवत होते. हळूहळू परात भरली.

मग हे भाच्याला म्हणाले, "आता ही जाणार कशात?"

"म्हणजे?"

"एवढी माणसं बाहेर काढली. गाडी लागली पाहिजे न्हाई का?"

भाचा माझ्याकडं बघायला लागला. मी पिशवी ओढली. बिस्किटांचे रिकामे पुडे होते, लाल पतंगी कागद होता. तासाभरात चार लाल डबे तयार केले. हे शेजारी बसून चुका काढत होते. दार डाव्या अंगाला घे, मागं शिडी हाय, बोर्ड कुठाय. शेवटी त्यांनी माझ्या हातातून पेन घेतलं आणि चारही गाड्यांच्या मागच्या काचेवर बारीक अक्षरांत स्वतः लिहिलं, संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग. माणसं आत बसवली. दोऱ्यानं ओढून चारही गाड्या पुलावरून शहराबाहेर काढल्या, त्याचं शूटिंग झालं.

चार वाजून गेले होते. तरी हे मोबाइलचा उजेड घेऊन सगळ्या शहरातून फिरले. प्रत्येक इमारतीपाशी गुडघे टेकून खिडक्यांतून आत बघितलं. कुणी घाई करा म्हणालं नाही. सगळं बघून झाल्यावर उठले आणि म्हणाले, "आत कुणी न्हाई." डोकं त्यांनी स्वतःच चढवलं.

मग मुंबई पडली. पायानं, शेपटीनं, खांद्यानं, माझे पापड पार छतापर्यंत उडाले. आवाज नंतर भरायचा ठरला होता, पण हे आतून ओरडले. एकदा सुरू झाले ते शेवटची इमारत पडेपर्यंत थांबले नाहीत. सव्वीस वर्षांच्या संसारात तो आवाज मी ऐकला नव्हता. भाच्यानं सिनेमात तोच ठेवला. पाचला पाच कमी असताना मी थर्माकोल झाडत होते आणि हे पायरीवर बसून दोन तांबे पाणी प्याले.

नांदेडला एका छोट्या हॉलमध्ये सिनेमा दाखवला. भाच्याचा बाप मागच्या खुर्चीवर येऊन बसला आणि शेवटपर्यंत उठला नाही. लोक जनावराला दचकले, पापडांना हसले, आणि लाल डबे आले तेव्हा तर शिट्ट्याच पडल्या. "चार गाड्यांत सारी मुंबई रिकामी," कुणीतरी ओरडलं. मलाही हसू आलं. हे हसले नाहीत, पुढं सरकून बसले.

पडद्यावर शेवटची गाडी पुलावर आली. कॅमेरा अगदी जवळ गेला होता. ड्रायव्हरच्या शेजारी, पुढच्या सीटवर, दोन वेण्या आणि लाल रिबीन घातलेली एक पोरगी बसली होती. मी तिला तिथं बसवलं नव्हतं, पुढची सीट मी मोकळी सोडली होती. मी ह्यांच्याकडं बघितलं. गाडी पुलाच्या पार जाईपर्यंत त्यांनी पापणी हलवली नाही. मग माझा हात धरला आणि माझ्यापुरतं म्हणाले,

"निघाली. वेळेत निघाली."