प्रेशरमावशींची शनिवारची शिकवणी

डोंबिवलीच्या आमच्या बिल्डिंगमध्ये पापड तळायचा तर आधी खिडक्या लावून घेत. कारण तिसऱ्या मजल्यावर प्रेशरमावशी राहत आणि त्यांचं नाक फार तिखट. दोन मिनिटांत दार वाजायचंच. "कितवा पापड हा?" असं विचारत आत येऊन त्या घरातल्या एखाद्या म्हाताऱ्याच्या दंडाला प्रेशर मोजायचा पट्टा बांधून मोकळ्या. कल्याणला पालिकेच्या दवाखान्यात त्या नर्स होत्या. दवाखाना सुटला तरी बाईंची ड्युटी काही सुटत नसे.

आमच्याकडे हळदीकुंकू होतं तेव्हाही त्या प्रेशरचं यंत्र घेऊनच आल्या. वाण बाजूला ठेवून बायकांचे दंड आवळणं सुरू. मी अकरा वर्षांची. गंमत म्हणून हात पुढे केला. त्यांनी मोजलं, मग वर जाऊन लहान मुलांचा छोटा पट्टा आणला, पुन्हा मोजलं आणि गप्प बसल्या. मावशी गप्प म्हणजे काहीतरी भलतंच, एवढं मलाही कळलं.

"पोरांना कुठे बीपी असतं?" आई त्यांच्यावरच उखडली. पण पुढे तीन वेळा मोजलं, तरी आकडा वरच. मग डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. मूत्रपिंड ठीक होतं, प्रेशर मात्र खरंच जास्त होतं. आईनं मावशींचा हात धरला. "कुठे बोलू नका हो. पोरीची जात, उद्या लग्न कसं जमायचं?"

मावशींच्या तोंडात एरवी तीळ भिजत नसे, पण हे त्यांनी पोटात ठेवलं. त्याची किंमत मी मोजली. मी गणितात कच्ची आहे आणि दर शनिवारी त्यांच्याकडे शिकवणीला जाते, असं त्यांनी बिल्डिंगभर सांगून टाकलं. मला गणितात नव्वद मार्क पडत. शेजारच्या काकू मला बघून हळहळायच्या तेव्हा अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

शिकवणी अशी: पाच मिनिटं गप्प बसायचं, मग हात टेबलावर, मग मोजणी, मग खाली जाऊन अर्धा तास दोरीच्या उड्या. ताटातलं डावीकडचं मीठ कायमचं बंद. मी रडले की म्हणायच्या, "अगं, लहानपणीचं प्रेशर दुखत नाही, म्हणून लबाड. चाळिशीत हृदयाशी भांडण उकरून काढतं." स्वतः मात्र एकदा बरणीतून कैरीचं लोणचं खाताना सापडल्या. "खराब झालंय का बघत होते," म्हणाल्या. फोड तिसरी होती.

मला बघायला ठाण्याची मंडळी आली तेव्हा आई डोळ्यांनी खुणा करत राहिली आणि मावशींनी पोह्यांची बशी खाली ठेवली. "मुलीचं प्रेशर लहानपणी वाढलेलं. आता आटोक्यात आहे, लपवायचं काय त्यात? तुमच्या मुलाचं कधी मोजलंय?" मोजलं. माझ्यापेक्षा बरंच जास्त निघालं. आईनं कपाळाला हात लावला, पण लग्न जमलं. नवरा अजून मावशींसमोर फरसाणाला हात लावत नाही.

आता मावशी घोडबंदर रोडला मुलाकडे असतात, बाविसाव्या मजल्यावर. "इथे कोणी दारच उघडत नाही गं, मोजू कोणाचं?" ही त्यांची तक्रार. गेल्या महिन्यात मी चाळिशीची झाले, हृदयाच्या सगळ्या तपासण्या केल्या आणि रिपोर्ट घेऊन थेट त्यांच्याकडे गेले. त्यांनी आधी हात पुढे करायला लावला. पण आता त्यांना पट्टा बांधता येईना. शेवटी तो मीच बांधला आणि सवयीनं पाच मिनिटं गप्प बसले.

मग त्यांनी चष्मा लावून रिपोर्ट वाचला. हृदयाचा आकार ठीक, भिंती ठीक, काम ठीक. मला रडू आवरेना, आणि त्यांनाही. रिपोर्टची घडी घालून त्यांनी तो माझ्या हातात दिला.

"झालीस गं बाई गणितात पास," त्या म्हणाल्या. "आता आईला सांग, शिकवणी बंद केली म्हणून."